इंग्रजांचे खेळ सोडा म्हणणाऱ्या राष्ट्रपतींना एका फुटबॉल मॅचपायी संघटनेतून काढलं होतं

१३ नोव्हेंबर १९३८. रविवारचा दिवस. डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्क मैदानावर आयर्लंड विरुद्ध पोलंड अशी फुटबॉलची मॅच होती. सहाच महिन्यांपूर्वी वॉर्सात पोलंडने आयर्लंडला ६-० असं धुतलं होतं, त्यामुळे हिशोब चुकता होताना बघायला मैदान गच्च भरलेलं. आणि झालंही तसंच. आयर्लंडने मॅच ३-२ ने काढली. मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या जॉनी कॅरीने त्यात एक गोल मारला.

त्या गर्दीत मानाच्या जागेवर भरघोस मिशांचे ७८ वर्षांचे एक आजोबा बसले होते. त्यांनी मॅच बघितली आणि ते घरी गेले. बास, एवढंच.

पण पुढच्या महिन्यात आयर्लंडमधल्या सगळ्यात ताकदवान क्रीडा संघटनेने या आजोबांना आपल्या पेट्रनपदावरून, म्हणजे मानद आश्रयदात्याच्या जागेवरून, काढून टाकलं. गुन्हा काय, तर परका खेळ बघितला.

आजोबांचं नाव डॉ. डग्लस हाईड. ते आयर्लंडचे पहिले राष्ट्रपती होते. आता खरी गोम पुढे आहे. इंग्रजांची नक्कल बंद करा, त्यांची गाणी, त्यांचे कपडे, त्यांचे खेळ सोडा आणि आपलं ते धरा, हे आयरिश लोकांना ४६ वर्षांपूर्वी ठणकावून सांगणारा माणूस हाच होता.

आता हा माणूस या ठिकाणी पोहोचला कसा, ते बघू.

डग्लस हाईड यांचा जन्म १७ जानेवारी १८६० चा, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या रॉसकॉमन परगण्यातला. पण घर आयरिश शेतकऱ्याचं नव्हतं. घराण्याची मुळं इंग्लंडमधली. पूर्वज पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात आयर्लंडला आले आणि जमिनी मिळवून तिथेच राहिले. कॉर्क परगण्यातला कॅसलहाईड नावाचा जुना वाडा याच घराण्याचा. (पुढे हा वाडा रिव्हरडान्सवाल्या मायकल फ्लॅटलीने विकत घेतला, पण ते फार नंतरचं.) वडील प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री होते. आजूबाजूची प्रजा कॅथलिक, गरीब, आणि राज्य लंडनचं. थोडक्यात, ज्यांच्या विरोधात आयरिश राष्ट्रवाद उभा राहिला, त्या वर्गात हा पोरगा जन्माला आला होता.

१८६७ मध्ये वडिलांची बदली झाली आणि कुटुंब फ्रेंचपार्क या गावी आलं. आजारपणामुळे डग्लसची शाळा सुटली. वडील घरीच लॅटिन, ग्रीक शिकवायचे. उरलेला वेळ पोरगा बंदूक घेऊन माळावर आणि दलदलीत शिकारीला भटकायचा. तिथे त्याला गावातले म्हातारे भेटले. त्यांच्यातलाच एक सीमस हार्ट, शिकारीच्या रानाचा राखणदार. तो आयरिश बोलायचा.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण आयरिश भाषेची तेव्हाची अवस्था कळल्याशिवाय पुढचं सगळं अर्धवट वाटेल. ही इंग्रजीची बोली नाही, वेगळ्या कुळातली स्वतंत्र भाषा आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. यात सगळ्यात जास्त मार बसला तो पश्चिमेच्या गरिबांना, म्हणजेच आयरिश बोलणाऱ्यांना. जे उरले त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमध्ये पोट भरायचं तर इंग्रजी पाहिजे. मग आईबापच पोरांच्या गळ्यात लाकडी काठी अडकवायचे, पोरगं आयरिश बोललं की तिच्यावर एक खाच पाडायची, आणि खाचा मोजून शाळेत मार. १८९१ च्या जनगणनेत आयरिश येणारे लोक १५ टक्क्यांच्याही खाली आले होते. भाषा मारायला फौज लागली नाही, भुकेने आणि लाजेने काम केलं.

आणि अशा काळात पाद्र्याचा मुलगा, ज्याला या भाषेची काडीची गरज नव्हती, ती राखणदाराकडून शिकत होता. शिकवणी नाही, पुस्तक नाही. त्याने डायरी ठेवायला सुरुवात केली आणि ऐकलेले शब्द कानाला जसे लागले तसे इंग्रजी अक्षरांत उतरवले. खरं स्पेलिंग त्याला ठाऊकच नव्हतं. हार्ट वारला तेव्हा डग्लस पंधरा वर्षांचा होता. त्या धक्क्यात त्याचं आयरिश काही काळ मागेच पडलं. नंतर दुसऱ्या गावकऱ्यांकडून त्याने धागा पुन्हा उचलला.

१८८० मध्ये तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. हे कॉलेज म्हणजे प्रोटेस्टंट, इंग्रजधार्जिण्या वर्गाचा बालेकिल्ला. तिथे हाईड बक्षिसं मिळवत गेले, कायद्याची डॉक्टरेटही घेतली. फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्यांना येत होत्या. आणि याच काळात ते एका टोपणनावाने आयरिशमध्ये कविता छापत होते. त्या टोपणनावाचा अर्थ साधारण गोड लहानशी डहाळी असा होतो.

पण त्यांचं खरं काम सुट्टीत चालायचं. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे बसून ते गाणी आणि गोष्टी लिहून घ्यायचे. यातले बरेच लोक निरक्षर. गाणं त्यांच्या तोंडात होतं आणि त्यांच्याबरोबरच जाणार होतं. यातून १८९३ मध्ये कॉनॉट प्रांतातल्या प्रेमगीतांचा संग्रह आला. एका बाजूला मूळ आयरिश गाणं, समोर इंग्रजी भाषांतर. पुढे राफ्टरी या आंधळ्या लोककवीची गाणीही त्यांनी गोळा करून छापली.

हाईड यांनी भाषांतर केलं होतं ते शिकणाऱ्याला मूळ आयरिश समजावं म्हणून. त्यासाठी त्यांनी साहेबी इंग्रजी टाळलं. पश्चिमेचा शेतकरी जशी इंग्रजी बोलतो, म्हणजे शब्द इंग्रजी पण वाक्याचा साचा आयरिश, तशी वापरली. ही भाषा वाचून येट्स, लेडी ग्रेगरी, सिंज अशा लेखकांना वाटच सापडली. आयर्लंडचं जे इंग्रजी साहित्य आणि नाटक पुढे जगभर गाजलं, त्याच्या पायात या भाषांतरांचा दगड आहे. आयरिश वाचवायला निघालेल्या माणसाने नकळत आयर्लंडला तिची स्वतःची इंग्रजी मिळवून दिली. हाईड यांना यात फार आनंद झाला असेल असं नाही.

आता येऊ त्या भाषणाकडे.

२५ नोव्हेंबर १८९२. डब्लिनमधल्या नॅशनल लिटररी सोसायटीसमोर हाईड यांनी आयर्लंडमधला इंग्रजपणा काढून टाकण्याची गरज या विषयावर भाषण केलं. मुद्दा सरळ होता. आपण उठताबसता इंग्रजांना शिव्या घालतो, पण आडनावं त्यांच्यासारखी करून घेतो, गावांची नावं मोडून टाकतो, त्यांच्या स्वस्त कादंबऱ्या वाचतो. मग आपण वेगळं राष्ट्र आहोत हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? संगीताबद्दलही ते बोलले. हार्प हे राष्ट्रीय वाद्य संपलं, आयरिश पाईप त्याच वाटेवर आहे, खेड्यातले पाईपवाले आणि फिडलवाले दिसेनासे झालेत आणि त्यांच्या जागी जर्मन बँड आणि दांडा फिरवून वाजवायच्या पेट्या आल्यात, अशी त्यांची तक्रार होती. आणि खेळांबद्दल बोलताना त्यांनी एका संघटनेची तोंड भरून स्तुती केली. गेल्या पाच वर्षांत सगळ्या पुढाऱ्यांच्या भाषणांनी झालं नाही एवढं देशाचं भलं या संघटनेने केलंय, असं त्यांचं मत होतं.

ती संघटना म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच जीएए.

जीएएची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ ची, थर्लस गावातल्या एका हॉटेलातली. संस्थापक मायकल क्यूसॅक. काम काय, तर हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे देशी खेळ जगवायचे. हर्लिंग म्हणजे लाकडी काठी आणि चेंडूचा, हॉकीची आठवण करून देणारा पण त्याहून कितीतरी धसमुसळा खेळ. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातातही घेता येतो. क्यूसॅक स्वतः तरुणपणी क्रिकेट आणि रग्बी खेळलेला गडी, पण संघटना उभी राहिली ती याच खेळांच्या विरोधात. लवकरच नियम आला. जीएएच्या सभासदाने फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे परके खेळ खेळायचे नाहीत. नियम मध्येच ढिला पडला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परत आवळला गेला, आणि पुढे तर नुसती मॅच बघायला जाणंही गुन्ह्यात जमा झालं. कोण जातंय हे बघायला जीएए स्वतःची माणसं मॅचला पाठवायची. म्हणजे परकी मॅच बघायची अधिकृत परवानगी फक्त त्यांना!

फुटबॉलवर राग का, तर तो ब्रिटिश छावण्यांमधून पसरला म्हणून. त्याला तुच्छतेने छावणीचा खेळ म्हणायचे. पण डब्लिन आणि बेलफास्टच्या कामगार वस्त्यांमध्ये याच खेळाने पोरांना वेड लावलं होतं. त्यांच्यातले चांगले खेळाडू बोटीत बसून इंग्लंड-स्कॉटलंडच्या क्लबांकडे जायचे आणि पगार घरी पाठवायचे. छावणी गेली तरी खेळ राहणार होता.

हाईड यांच्या भाषणाने ठिणगी पडली. ३१ जुलै १८९३ रोजी गेलिक लीग स्थापन झाली. इतिहासकार ओन मॅकनील वगैरे मंडळी सोबत होती आणि अध्यक्ष हाईड. लीगचा धंदा एकच, आयरिश शिकवणं. गावोगाव शेकडो शाखा निघाल्या. कारकून, दुकानातली पोरं, शिक्षिका संध्याकाळी येऊन बाराखडीपासून सुरुवात करायचे आणि वर्ग संपला की नाच-गाणं व्हायचं. लीगमध्ये धर्म आणि राजकारण आणायचं नाही हा हाईड यांचा हट्ट होता. कॅथलिक, प्रोटेस्टंट, स्वातंत्र्यवादी, राणीनिष्ठ, कुणीही यावं. भाषा सगळ्यांची आहे.

नाचाचं बघा. आज आयरिश संस्कृती म्हटलं की केली नावाचा सामूहिक नाच हमखास येतो. अशा नावाची पहिली जाहीर संध्याकाळ झाली ३० ऑक्टोबर १८९७ ला, आणि ती डब्लिनला नाही, लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये. भरवली होती लीगच्या लंडन शाखेने, तिथल्या स्कॉटिश लोकांचे तसे कार्यक्रम बघून. त्याच वर्षी डब्लिनला सुरू झालेला लीगचा वार्षिक महोत्सव वेल्समधल्या तशाच उत्सवावरून घेतलेला. इंग्रजपणा झटकायला निघालेल्या चळवळीला तिचं सगळ्यात लोकप्रिय शस्त्र ब्रिटनमध्ये सापडलं होतं.

हाईड स्वतः मंचावरही उभे राहिले. १९०१ मध्ये डब्लिनच्या गेटी थिएटरमध्ये त्यांनी लिहिलेलं छोटं आयरिश नाटक झालं आणि त्यातल्या भटक्या कवीची मुख्य भूमिका त्यांनीच केली. त्याआधी, १८९९ मध्ये, शाळांमध्ये आयरिश कशाला शिकवायची म्हणणाऱ्या ट्रिनिटीच्या मॅहॅफी आणि अॅटकिन्सन या प्राध्यापकांशी त्यांनी सरकारी चौकशीसमोर झुंज घेतली. तीही परदेशातल्या विद्वानांची मतं मागवून, पुराव्यानिशी. १९०५-०६ मध्ये अमेरिकाभर फिरून लीगसाठी पन्नास हजारांहून जास्त डॉलर जमवले. दौऱ्यातच सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, तेव्हा जमलेल्या पैशातला वाटा त्यांनी तिथल्या मदतीसाठी परत केला. १९०९ मध्ये ते युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आयरिशचे प्राध्यापक झाले.

पण लीगमधली तरुण पोरं आता नुसत्या व्याकरणावर थांबणार नव्हती. आपण वेगळं राष्ट्र आहोत हे हाईड यांनीच पटवलं होतं. मग वेगळं राज्य का नको? १९१५ च्या डंडॉक अधिवेशनात लीगने उद्दिष्टांमध्ये स्वतंत्र आयर्लंड घातलं. हाईड यांनी राजीनामा दिला आणि बावीस वर्षांचं अध्यक्षपद सोडून घरी गेले. पुढच्याच वर्षी, १९१६ च्या ईस्टरला, डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. पॅट्रिक पीअर्सपासून त्याचे कितीतरी नेते गेलिक लीगमध्ये तयार झालेले होते. त्यांना फाशीऐवजी गोळ्या घालण्यात आल्या. हाईड यांच्या थोरल्या मुलीचा, नूआलाचा, क्षयाने मृत्यू झाला तोही याच वर्षी.

स्वातंत्र्ययुद्ध, फाळणी, यादवी. या सगळ्यात हाईड कुठेच नाहीत. ते शिकवत राहिले आणि १९३२ ला निवृत्त होऊन फ्रेंचपार्कला परतले. १९२५ मध्ये थोडे दिवस सिनेटर होते, पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत पडले. लोक त्यांना विसरलेच होते म्हणायचे.

१९३७ मध्ये एमन डी व्हॅलेरा यांनी नवी राज्यघटना आणली आणि राष्ट्रपतिपद तयार झालं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन मोठ्या पक्षांना चालेल असा माणूस कोण, तर हाईड. पक्ष नाही, रक्ताचे डाग नाहीत, शिवाय कॅथलिक देशात प्रोटेस्टंट राष्ट्रपती म्हणजे जगालाही चांगला संदेश. निवडणूक न होता ते निवडून आले. २५ जून १९३८ ला त्यांनी शपथ घेतली, आयरिशमध्ये. राहायला मिळालं ते फिनिक्स पार्कमधलं जुनं व्हाइसरॉयचं निवासस्थान.

आणि पाच महिन्यांत ती पोलंडची मॅच आली.

हाईड यांना फुटबॉलचं वेड होतं अशातला भाग नाही. देशाची टीम खेळत होती, पाहुणा देश समोर होता, राष्ट्रपती म्हणून जाणं भाग होतं. शेजारी पंतप्रधान डी व्हॅलेरा आणि मंत्री ऑस्कर ट्रेनर होते. हे ट्रेनर उठावातले जुने लढवय्ये आणि एकेकाळी बेलफास्ट सेल्टिक क्लबचे गोलकीपर. म्हणजे बंदूक घेऊन इंग्रजांशी लढलेला माणूस इंग्रजांचा खेळ खेळला होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. डी व्हॅलेरा यांचं प्रेम तर रग्बीवर होतं. पण जीएएचे पेट्रन एकटे हाईड, म्हणून नियम त्यांनाच लागला.

१७ डिसेंबर १९३८ ला जीएएच्या मध्यवर्ती समितीत अध्यक्ष मॅकनमी यांनी निर्णय दिला. परका खेळ बघायला गेल्यामुळे हाईड आता पेट्रन राहिले नाहीत. वर्तमानपत्रांनी झोडपलं, संघटनेतही काहींना हे रुचलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात निर्णय मोठ्या मताधिक्याने कायम झाला. जीएएच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मॅच बघितली म्हणून खेड्यातल्या पोराला काढायचं आणि राष्ट्रपतीला सोडायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. खोट नियमात होती, तो सगळ्यांना सारखा लावण्यात नव्हती. राष्ट्रपती सगळ्या नागरिकांचा असतो, फुटबॉल बघणाऱ्यांचाही, एवढीच राष्ट्रपती कार्यालयाची भूमिका राहिली. हाईड यांनी वाद वाढवला नाही. त्यांच्या घरात वेगळंच दुःख चालू होतं. पत्नी ल्युसी आजारी होत्या आणि ३१ डिसेंबरला, निर्णयानंतर दोन आठवड्यांत, त्या गेल्या.

१९४० च्या एप्रिलमध्ये हाईड यांना पक्षाघाताचा जबर झटका आला. जगतील असं वाटत नव्हतं, सरकारी अंत्यविधीची आखणीही सुरू झाली होती. ते वाचले, पण खुर्चीला खिळले. तशाच अवस्थेत १९४५ पर्यंत पूर्ण मुदत काढली. नवे राष्ट्रपती आले तेव्हा डी व्हॅलेरा यांनी जीएएच्या लोकांना बोलावून स्पष्ट केलं, राष्ट्रपती कुठल्या खेळाला जाणार हे कुठलीही संघटना ठरवणार नाही. जीएएने ते मान्य केलं. हाईड यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

१२ जुलै १९४९ ला वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले. आणि इथे दुसरा नियम आडवा आला.

हाईड प्रोटेस्टंट, त्यामुळे अंत्यविधी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये. पण कॅथलिक चर्चचा त्या काळचा दंडक होता की कॅथलिक माणसाने प्रोटेस्टंट प्रार्थनेत सामील व्हायचं नाही. त्यामुळे पंतप्रधान जॉन कॉस्टेलो आणि त्यांचे कॅथलिक मंत्री कॅथेड्रलबाहेर गाड्यांमध्ये बसून राहिले. आत प्रार्थना चालू आणि देशाचं सरकार रस्त्यावर. विरोधी पक्षनेते डी व्हॅलेरा यांनी आपल्या वतीने पक्षातल्या प्रोटेस्टंट नेत्याला, अर्स्किन चिल्डर्स यांना, पाठवलं. कॅथलिक मंत्र्यांपैकी आत गेले ते एकटे नोएल ब्राऊन. कवी ऑस्टिन क्लार्क यांनी या प्रसंगावर पुढे बोचरी कविता लिहिली.

तिथून शव फ्रेंचपार्कला नेण्यात आलं. वडील जिथे पाद्री होते त्याच चर्चच्या आवारात, आईवडील, ल्युसी आणि नूआला यांच्या शेजारी हाईड यांना पुरलं.

जीएएने परक्या खेळांवरची बंदी १९७१ मध्ये उठवली. मार्च २००७ मध्ये संघटनेच्या मुख्य मैदानावर, क्रोक पार्कवर, आयर्लंडची टीम वेल्सविरुद्ध फुटबॉल खेळली. आणि रॉसकॉमनमध्ये जीएएचं जे मोठं मैदान आहे, जिथे परगण्याची टीम गेलिक फुटबॉल खेळते, त्याचं नाव डॉ. हाईड पार्क आहे.